पुतणीची डिलिव्हरी, एक मॅटर्निटी होम आणि चार स्टार (एसी रूमसाठी नव्हे)

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये. खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या वाचून मॅनेजमेंट स्वतःला काही विचारणार नाही, थेट त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सिस्टरला केबिनमध्ये बोलावणार, हे मला चांगलं माहितीये. सांगली-मिरज पट्ट्यातलं प्रायव्हेट मॅटर्निटी होम आहे, मध्यम आकाराचं, एवढं पुरे. तसंही मिरजेत दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बोर्डावरच पडतो.

मी सरकारी एसएनसीयूतून रिटायर झालेली सिस्टर. एसएनसीयू म्हणजे तेच, "बाळाला काचेत ठेवलंय" म्हणतात ना लोक, ते. तिथं येणाऱ्या बाळांत एक प्रकार ठरलेला असायचा. पूर्ण दिवसांचं, चांगलं वजनदार, दिसायला गोंडस बाळ, पण अंग ढिलं, चोखत नाही, एकीकडेच टक लावून बघतंय, आणि रात्रीपर्यंत झटके सुरू. सोबतच्या चिठ्ठीवर ओळ एकच, "बाळ उशिरा रडलं", म्हणजे जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडला (बर्थ अस्फिक्सिया म्हणतात ते). बाप विचारणार, सिस्टर, सोनोग्राफ्या तर सगळ्या नॉर्मल होत्या. असतील ना बाबा नॉर्मल, पण कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत काय काय झालं ते चिठ्ठीवर कुणीच लिहीत नाही, आणि आम्हाला नेमकं तेच हवं असायचं. त्यामुळे कुठलंही मॅटर्निटी होम बघताना माझी नजर तिकडेच जाते. या हॉस्पिटलचे बाकीचे रिव्ह्यू वाचलेत मी. स्टाफ कोऑपरेटिव्ह आहे, रूम स्वच्छ आहे, उपमा गरम मिळतो, डिस्चार्जला केक कापतात. बरं मग? कळा चालू असताना बाळाचे ठोके कुणी आणि किती किती वेळाने ऐकले याबद्दल एकाही रिव्ह्यूत एक शब्द नाही. म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. कंटाळा आला तर शेवटचे पॅरे वाचा.

पहिली खेप म्हणून पुतणी माहेरी आलेली, आणि जाऊबाईंनी हे हॉस्पिटल ठरवलं ते घरापासून जवळ आणि मॅडम बोलायला चांगल्या म्हणून. मी म्हटलं, ठरवा, पण एकदा बघून तरी येऊ. रिसेप्शनच्या मुलीने पॅकेजचा कागद काढला, डिलक्स, सेमी डिलक्स, जनरल, कुठल्यात टीव्ही, कुठल्यात नातेवाइकाला सोफा. मी म्हटलं ताई, हे राहू दे, लेबर रूम दाखव. ती अशी बघायला लागली की जणू मी तिजोरीच उघडायला सांगितली. शेवटी मॅडमना मी सिस्टर असल्याचं कळलं आणि त्यांनी स्वतः नेलं, तेही चपला बाहेर काढून, ज्याचं मला बरं वाटलं. (मी सिस्टर नसते तर नेलं असतं का? नसतं. हा एक मायनस पॉइंट.)

आत गेल्यावर मी काय बघितलं ते लिहिते, तुम्हालाही उपयोगी पडेल. बाळाचा वॉर्मर कोपऱ्यात कपडे वाळत घालायला नव्हता, प्लग लावलेला होता. शेजारी अंबू बॅग (हाताने पिळून बाळाला श्वास द्यायची), दोन साइझचे मास्क, पूर्ण दिवसांच्या बाळाचा एक नंबरचा आणि छोट्याचा शून्य नंबरचा. मी मास्क तळहातावर दाबून बॅग पिळून बघितली, व्हॉल्व्ह नीट उघडत होता. ही तपासणी प्रत्येक डिलिव्हरीच्या आधी करायची असते, आणि मी अशा ठिकाणीही गेलेय जिथं बॅग कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्या मावशींकडे त्या रजेवर. भिंतीवर सेकंद काटा असलेलं घड्याळ होतं. कळांचं इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं, ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. आणि टेबलावर कळांचा तक्ता होता, चक्क भरलेला. पार्टोग्राफ म्हणायचो आम्ही, आता जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवा काढलाय, लेबर केअर गाइड, त्यात खऱ्या कळांचा टप्पा गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून मोजतात, पूर्वी ४ पासून मोजायचो. बऱ्याच ठिकाणी हा तक्ता डिलिव्हरी झाल्यावर चहा पिता पिता एकहाती भरला जातो, सगळीकडे एकच शाई आणि एकच अक्षर, लगेच कळतं. इथल्यात दोन वेगळी अक्षरं होती, एका जागी खोडाखोड पण होती. मला खोडाखोड बघून विश्वास बसला.

मग मी मॅडमना विचारलं, रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर किती वेळात होईल? त्या म्हणाल्या, "भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, वीस-पंचवीस मिनिटं धरा, ओटी (ऑपरेशन थिएटर) आमची तयार असते." हे उत्तर मला आवडलं, कारण बाकी ठिकाणी "सगळं २४ तास अवेलेबल आहे" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणजे काय ते देवाला ठाऊक. पुस्तकात तातडीचं सिझर ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण ३० मिनिटं धरतात, पण प्रत्येक संकट तेवढं थांबत नाही. पाणी गेल्याबरोबर नाळ बाळाच्या डोक्याआधी खाली घसरली, किंवा वार (प्लासेंटा) बाळाआधीच सुटली, किंवा आधीच्या सिझरच्या टाक्यावर पिशवी फाटली, तर बाळाचा ऑक्सिजन जवळजवळ बंदच होतो आणि तिथं मिनिटं मोजायची असतात. मेंदूला इजा झालेली सगळ्यात वाईट बाळं मी पाहिली ती या तीन कारणांची. अशा बाळंतपणाचा धोका आधीच दिसत असेल तर भूलतज्ज्ञ बाहेरून येणारं हॉस्पिटल घ्यायचंच नाही. आमच्या पुतणीला बीपी नव्हतं, शुगर नव्हती, बाळाची वाढ व्यवस्थित, डोकं खाली. म्हणून मी हो म्हटलं.

आता थोडं डोकं खाते, पण हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. कळ आली की पिशवीचा स्नायू आवळतो आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. म्हणजे बाळ विहिरीत बुडी मारल्यासारखं दम धरून असतं, कळ ओसरली की वर येऊन श्वास घेतं, परत बुडी. निरोगी बाळ हे तासन्‌तास करतं, त्याची तयारीच तशी असते. गडबड होते ती दोन तऱ्हेने. एक म्हणजे बाळाचा दमच आधीपासून कमी, आईला बीपी, बाळाची वाढ खुंटलेली, दिवस उलटून गेलेले आणि वार थकलेली, किंवा पाणी जाऊन खूप वेळ झाला, आईला ताप, आत इन्फेक्शन, अशा बाळाला थोडा कमी ऑक्सिजनही सोसत नाही. दुसरं म्हणजे दोन बुड्यांच्या मधे वर यायला वेळच मिळत नाही, कळांवर कळा. हे दुसरं बऱ्याचदा आपणच करून ठेवलेलं असतं, सलाईनने.

आणि सलाईनबद्दल आपल्या लोकांना विलक्षण प्रेम. "कळांचं सलाईन लावा की लवकर, किती वेळ झाला." जाऊबाईही तेच, त्यांना वाटत होतं संध्याकाळच्या आरतीआधी मोकळं व्हावं. आपल्या भागात तर हे औषध लोकांना माणसांच्या आधी म्हशींमुळे माहीत, पान्हा सोडायला टोचतात ते हेच, ऑक्सिटोसिन. त्या गैरवापरापायी सरकारने २०१८ मध्ये ते बनवायची परवानगी फक्त कर्नाटक अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीपुरती ठेवायचं ठरवलं होतं, मग दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो निर्णय रद्द केला, कारण डिलिव्हरीनंतरचं रक्त थांबवायला हेच औषध लागतं आणि त्याचा तुटवडा झाला तर बाया मरतील. औषध चांगलंच आहे हो. प्रश्न किती, कसं आणि कोण बघतंय याचा.

तर पुतणीचे दिवस भरून वर आठवडा होत आला तशी मॅडमनी ॲडमिट करून घेतलं. रात्री कळा सुरू करायची गोळी ठेवली, सकाळी सलाईन, मधे चार तासांहून जास्त अंतर सोडलं, ते सोडायचंच असतं. सलाईन पंपावर लावलं. हा या हॉस्पिटलचा मोठा प्लस पॉइंट आणि याला मी वेगळा स्टार देईन. पंप नसला की थेंब मोजायचे, आणि थेंब मोजायला ठेवलेली मुलगी दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली की नातेवाईक चाक फिरवून स्पीड वाढवतात, हसू नका, मी हे डोळ्याने बघितलंय. आईला कळा येतायत म्हणून बाहेर सगळे खूश आणि आत बाळाचे ठोके ऐंशीवर.

ठोक्यांचं बोलू. पहिला पट्टा मशीनवर काढला, तेच ते पोटाला दोन बेल्ट लावून कागद निघतो ते, छान आला. ठोके साधारण ११० ते १६० च्या मधे हवेत, मधे मधे वर-खाली झालेले बरे, सपाट रेघ नको. जावई म्हणाले, मशीन कायमच लावून ठेवा ना, पैसे देतो. तर तसं नसतं. सगळं काही नॉर्मल असेल तर ठरावीक वेळाने हाताच्या डॉप्लरने (पोटावर धरून ठोके ऐकवणारं छोटं मशीन) नीट ऐकणं पुरतं. मशीन सतत लावून ठेवल्याने बाळांचे झटके निम्म्याने कमी होतात असं अभ्यासांत दिसलंय, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळे येणारं हालचालींचं अपंगत्व) किंवा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, सिझर मात्र वाढले. पण एकदा सलाईन चालू केलं, की मग मात्र बाळावर सतत लक्ष हवंच, तिथं कंजुसी नको. इथं सलाईननंतर मशीन लावलं, आणि दुपारी कागद संपला. नवा रोल दुसऱ्या मजल्यावर. मग "डॉप्लरने ऐकते काकू" म्हणाली सिस्टर, आणि ऐकतही होती, पूर्ण मिनिटभर, कळेच्या दरम्यान आणि कळ गेल्यावरही, अगदी पुस्तकातल्यासारखं. कळ गेल्यावर ऐकणंच महत्त्वाचं, धोक्याची घसरण तिथंच कळते. कळा नसताना पाच सेकंद टक टक ऐकून "ठोके चांगले आहेत" म्हणणाऱ्या सिस्टरा तुम्हाला कुठेही सापडतील.

आणि मग ड्युटी बदलली. सकाळची पोरगी घरी गेली, दुपारची आली, दोघी काउंटरवर हँडओव्हर देत बसल्या, त्यात एक डिस्चार्ज, त्यात कुणाच्या तरी मेडिक्लेमचा घोळ. सलाईन चालूच. ठोके ऐकायला अर्धा तास होऊन गेला तरी कुणी नाही. सलाईन चालू असताना! मी उठून गेले आणि जरा आवाज चढवूनच बोलले. एकीने तोंड वाकडं केलं. करू दे. सगळ्या हॉस्पिटलांत हाच वेळ धोक्याचा असतो, दुपारी दोन आणि रात्री आठ, आमच्याकडेही होता, आणि म्हणूनच एक स्टार इथं कापलाय. सोबत बाई असेल तर तिने या वेळात खुर्ची सोडू नये, चहाला नंतर जा.

पण यापुढे जे झालं त्यासाठी बाकीचे चार दिले. दुपारची सिस्टर आली, वय असेल पंचवीस, पोटावर हात ठेवून कळा मोजायला बसली. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा म्हणजे जास्तच, इथं सहा भरल्या, मधे पोट मऊच पडत नव्हतं. त्याच वेळी पाणी गेलं, आणि पाणी हिरवट. डॉप्लर लावला तर नव्वद. या पोरीने डॉक्टरांना फोन लावायच्या आधी पंप बंद केला. आधी बंद केला, मग फोन! कुणाला विचारत बसली नाही. पुतणीला डाव्या कुशीवर वळवलं, कारण उताणं झोपलं की पोटाचं सगळं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि बाळाकडचं रक्त आणखी कमी होतं. साधं सलाईन जोरात सोडलं, बीपी घेतलं, हातमोजे घालून आतून तपासलं की नाळ खाली आलीय का. नव्हती. कळांच्या औषधाचं एक बरं असतं, बंद केलं की त्याचा जोर थोड्याच मिनिटांत ओसरायला लागतो (गोळीचं तसं नसतं, एकदा गेली की गेली, म्हणून आधी सिझर झालेल्या बाईला ती गोळी ठेवत नाहीत, टाका फाटायची भीती). हळूहळू ठोके शंभर, एकशे दहा, एकशे तीस. मॅडम जिना चढून आल्या तोवर सगळं जागेवर. त्यांनीही "मला न विचारता बंद का केलं" असं विचारलं नाही, "बरं केलंस" म्हणाल्या. ज्या हॉस्पिटलात सिस्टरला सलाईन बंद करायची मुभा आहे ते चांगलं हॉस्पिटल, माझी व्याख्या एवढीच. थोड्या वेळाने निम्म्या स्पीडने परत सुरू केलं, मशीन लावून, नव्या रोलसकट.

बाहेर तोवर रडारड. जाऊबाईंना कुणीतरी सांगितलं की बाळाने शी खाल्ली. अहो, दिवस उलटलेल्या बाळांत पोटात शी होणं पुष्कळ वेळा दिसतं, आतडी तयार झालेली असतात म्हणूनही होतं. नुसत्या हिरव्या पाण्याने लगेच सिझर करायचं नसतं. पाणी घट्ट, डाळीसारखं असेल आणि सोबत ठोके बिघडलेले असतील, तर मात्र ती धोक्याची खूण. इथं पातळ हिरवं होतं आणि ठोके सावरलेले. मॅडमनी हे सगळं बाहेर येऊन शांतपणे समजावलं, घाबरवून सही घेतली नाही, आणि मुलांच्या डॉक्टरांना तेव्हाच फोन करून ठेवला. नाहीतर बऱ्याच ठिकाणी मुलांचे डॉक्टर बाळ निळं पडल्यावर बोलावतात.

शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जोर लावायला सांगतात तेव्हा, ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात आणि इथं ऐकत होते. एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. एक वयस्कर मावशी स्टुलावर चढल्या आणि वरून पोट दाबायला लागल्या. किती वर्षं झाली ही पद्धत बंद करा म्हणून सांगतायत, जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते, पिशवी फाटू शकते, बाळाचा खांदा अडकलेला असेल तर तो आणखी घट्ट बसतो (खांदा अडकल्यावर दाबायचं असतं ते ओटीपोटाच्या हाडाच्या वर, आणि तेही माहीत असलेल्याने), तरी आपल्याकडे मावशी स्टुलावर चढतातच. मी काही बोलायच्या आत मॅडम ओरडल्या, "उतरा खाली." मावशी म्हणाल्या, "आधीच्या मॅडम तर मलाच बोलवायच्या." असेल. पण मग स्टूल तिथं ठेवताच कशाला?

पुढे कळ गेल्यावर ठोके वर यायला वेळ लागायला लागला, तसं मॅडमनी वाट न बघता व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला कप लावून ओढायचं साधन) लावला. दोन कळांत बाळ बाहेर, गळ्याभोवती नाळेचा एक वेढा, सैल होता, सोडवला. वेढ्याला लोक उगाच घाबरतात, दर चार-पाच बाळांत एकाला तरी असतो आणि बहुतेकदा काही होत नाही. मुलगी. रडली नाही. ढिली होती. मुलांच्या डॉक्टरांनी पुसलं, पाठ चोळली, मान सरळ केली आणि बॅगने हवा द्यायला सुरुवात केली, हे सगळं पहिल्या मिनिटात, तेच ते ज्याला सोन्याचं मिनिट म्हणतात. पूर्वी हिरवं पाणी दिसलं की आम्ही आधी नळी घालून घसा ओढत बसायचो, आता सरसकट तसं करत नाहीत, त्यात वेळ जातो आणि बाळाला वेळ नसतो. थोड्याच श्वासांत पोरगी किंचाळली, आणि अशी किंचाळली की बाहेर जावई रडायला लागले.

नंतर जावयांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काकू, ऑक्सिजन का नाही लावला, सिलिंडर तर शेजारीच होता? बरोबर प्रश्न आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करतात, शंभर टक्के ऑक्सिजनने उलट त्रास होऊ शकतो, हवा आत जाणं महत्त्वाचं. छाती हलतेय का, एवढं बघायचं. ते डॉक्टर छातीकडेच बघत होते, फोनकडे नाही.

पाच मिनिटांचा अपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीला दहापैकी मिळणारे गुण, आठ आला. (अपगार हे त्या डॉक्टरबाईंचं आडनाव, व्हर्जिनिया अपगार, भूलतज्ज्ञ होत्या, १९५३ मध्ये त्यांनी ही पद्धत छापली.) नाळेच्या रक्ताचा पीएच (रक्त किती आंबट झालंय त्याचा आकडा) करायची सोय इथं नाही, असती तर बरं झालं असतं, बाळाला पोटात किती दम लागला होता ते त्या आकड्यावरून कळतं, ७ च्या खाली गेला की काळजी. पहिल्या रात्री सिस्टर येऊन बघून जात होत्या, चोखतेय का, अंग कसंय, रडणं चिरकं तर नाही, डोळे फिरवतेय का, कारण झटके आले तर बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच येतात. पुतणी झोपली होती, मी नाही.

एक गोष्ट मला पटली नाही ती त्यांच्या कागदावरची जाहिरात. "बर्थ अस्फिक्सियासाठी कूलिंग थेरपीची सोय, टायअप हॉस्पिटलमध्ये." वाचून आईबापांना वाटतं, काही झालंच तर हा उपाय आहे. कूलिंग म्हणजे बाळाचं अंग साधारण ३३ ते ३४ डिग्रीवर ७२ तास ठेवायचं, आणि सुरुवात जन्मानंतर ६ तासांच्या आत. परदेशात, चांगल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), याने मुलं वाचतात आणि अपंगत्व कमी होतं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ४०८ बाळांवर अभ्यास झाला, हेलिक्स नावाचा, २०२१ मध्ये छापून आला. त्यात मृत्यू आणि अपंगत्व मिळून काही फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. आपल्याकडची बाळं वेगळ्या तऱ्हेने आजारी असतात का, मेंदूला इजा आधीच होऊन गेलेली असते का, यावर डॉक्टर लोकांचे वाद चालू आहेत, तो माझा प्रांत नाही. पण जाहिरातीत छापण्यासारखी ही गोष्ट नव्हे. त्यापेक्षा "आमच्या सिस्टर सलाईन बंद करू शकतात" असं छापा, मी शंभर जणींना पाठवते.

आणि हेही लिहिते, नाहीतर माझा रिव्ह्यू वाचून कुणी डॉक्टरांच्या अंगावर धावून जायचं. सेरेब्रल पाल्सी झालेल्या सगळ्या मुलांचं कारण डिलिव्हरी नसतं, बहुतेकांचं नसतंच. कमी दिवसांचं बाळ, पोटातलं इन्फेक्शन, मेंदूच्या वाढीतला दोष, अशी कारणं असतात. आणि ठोके घसरलेली बहुतेक बाळं पुढे ठणठणीत असतात, आमची पण आहे. पण ज्या थोड्यांचं बिघडतं, त्यांतल्या काहींचं टळण्यासारखं असतं. काचेपलीकडच्या आईबापांना मी हे तेव्हा कधी बोलले नाही, नोकरी होती.

बाकी किरकोळ. लेबर रूममध्ये सोबत बाई आत घेणार का, तर आधी नाहीच म्हणाले. सरकारी दवाखान्यांत लेबर रूम सुधारायचा लक्ष्य कार्यक्रम २०१७ मध्ये आला त्यात सोबतीणीची जागा धरलेली आहे, आणि हे प्रायव्हेटवाले पैसे घेऊन आईला बाहेर बसवतात. मी भांडून आत गेले. जाऊबाईंना नाही सोडलं, तेही एका अर्थी बरंच झालं, त्या बेशुद्ध पडल्या असत्या. दरपत्रक भिंतीवर आहे, नियमानेच लावावं लागतं, पण कुंडीच्या मागे. बिल पॅकेजपेक्षा वाढलं, मुलांच्या डॉक्टरांची फी आणि व्हॅक्यूमचे वेगळे, मला ते रास्त वाटलं, जावयांना नाही. फाईलची झेरॉक्स मागितली तर "कशाला?" विचारलं. द्यायची असते, मागून घ्या, ठोक्यांच्या पट्ट्याचे फोटोही काढून ठेवा, तो कागद काही महिन्यांत उडून पांढरा होतो. जेवण बरं. एसी गळत होता. अळिवाची खीर घरून न्या, त्यांची पांचट असते.

कुणी जावं? पहिली-दुसरी खेप, बीपी-शुगर नाही, बाळाची वाढ बरोबर, डोकं खाली, अशांनी बिनधास्त जा आणि जमलं तर त्या दुपारच्या सिस्टरची ड्युटी विचारून घ्या. कुणी जाऊ नये? आधीचं सिझर असून नॉर्मलचा प्रयत्न करायचाय (टाका फाटायची शक्यता साधारण दोनशेत एक, पण फाटला तर वीस-पंचवीस मिनिटं फार होतात), जुळं आहे, बीपी वाढलेलं आहे, बाळाची वाढ कमी आहे, शुगरमुळे बाळ फार मोठं आहे, त्यांनी भूलतज्ज्ञ आणि एनआयसीयू एकाच बिल्डिंगमध्ये असेल असं हॉस्पिटल बघा, रूमला टीव्ही नसला तरी चालेल. पैशाची अडचण असेल तर सरकारी मोठं हॉस्पिटल, जननी शिशु सुरक्षा या सरकारी योजनेत डिलिव्हरी, सिझर आणि बाळाचे उपचार सगळं फुकट आहे, गर्दी सोसायची तयारी ठेवा.

आणि फोरव्हीलर गल्लीच्या तोंडाशीच लावा. आत दोन्ही बाजूंना टू-व्हीलर असतात, ॲम्ब्युलन्सला उलटं निघावं लागतं, मी रिसेप्शनला दोनदा सांगितलं, अजून तसंच आहे.